वृद्धसेवेची नोंदणी नाकारली, तर कोर्टात जायचं की ट्रिब्युनलमध्ये?

मेलबर्नच्या एका गृहस्थांनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला त्यांच्या स्वतःच्या छोट्या कंपनीचा. वृद्धांच्या घरी जाऊन आंघोळ घालणं, कपडे बदलणं, जेवण भरवणं अशी सेवा द्यायची म्हणून त्यांनी एज्ड केअर क्वालिटी अँड सेफ्टी कमिशनकडे, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या वृद्धसेवेच्या सरकारी नियामकाकडे, नोंदणीचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. पत्रात तीन कारणं आहेत: कारभारावर देखरेख ठेवणारी यंत्रणा कच्ची, तक्रारी हाताळण्याची पद्धत फक्त कागदावर, आणि जबाबदार पदांवरच्या व्यक्तींना या क्षेत्राचा पुरेसा अनुभव नाही. गृहस्थांचं म्हणणं, ऑडिटरने आमचे अर्धे कागद उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. दुसरा प्रश्न त्यांच्या मेहुण्यांच्या निवासी केंद्राचा. तिथे नोंदणी रद्द करण्याचा विचार असल्याची नोटीस येऊन पडली आहे. दोघांनाही कोणीतरी सल्ला दिलाय की फेडरल कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू टाका, कमिशन ताळ्यावर येईल.

तुमच्या प्रकरणात बहुधा टाकू नका. मेहुण्यांच्या प्रकरणात टाकायची वेळच अजून आलेली नाही. का ते सविस्तर सांगतो.

ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे अपील, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. खालच्याने चुकीचा निर्णय दिला, वरच्याने तो दुरुस्त करायचा, असं चित्र डोक्यात असतं. फेडरल कोर्ट हे करत नाही. तुमची कंपनी चांगली आहे का, तुमच्या हाती एखाद्या आजींना सोपवावं का, हा प्रश्न न्यायाधीश विचारतच नाहीत. ते एवढंच तपासतात की निर्णय घेणाऱ्याने कायद्याने दिलेल्या अधिकारात राहून, कायद्याने सांगितलेल्या रीतीने निर्णय घेतला का. १९९० च्या क्विन खटल्यात न्यायमूर्ती ब्रेनन यांनी ही रेघ स्पष्ट आखून दिली. निर्णयाचे गुणदोष ठरवणं ज्याच्या हाती कायद्याने अधिकार दिला त्याचंच काम, आणि कोर्टाचं काम त्या अधिकाराची हद्द सांगण्याचं. ऑस्ट्रेलियातलं यानंतरचं सगळं प्रशासकीय कायद्याचं काम या रेघेच्या अलीकडे-पलीकडेच चालतं.

व्यवहारात याचा अर्थ काय होतो पाहा. तुम्ही जिंकलात तर कोर्ट निर्णय रद्द करतं आणि अर्ज पुन्हा कमिशनकडे पाठवतं. नोंदणी देत नाही. कमिशनमधला दुसरा अधिकारी तीच फाइल पुन्हा वाचतो, राहून गेलेली पायरी या वेळी पाळतो, आणि पुन्हा 'नाही' म्हणू शकतो. आता त्या नकाराची कारणं अधिक काळजीपूर्वक लिहिलेली असतात, म्हणजे दुसऱ्यांदा आव्हान देणं आणखी कठीण. वर्ष गेलेलं असतं आणि हातात निकालपत्राखेरीज काही नसतं.

आता तुमच्या हातात असलेला दुसरा रस्ता. १ नोव्हेंबर २०२५ पासून एज्ड केअर ॲक्ट २०२४ लागू झाला. १९९७ च्या जुन्या कायद्यातली 'मान्यताप्राप्त प्रोव्हायडर' ही व्यवस्था गेली आणि सहा प्रवर्गांत नोंदणी सुरू झाली. अंगाला हात लावून करायची सेवा चौथ्या प्रवर्गात येते, नर्सिंग पाचव्यात, निवासी केंद्रं सहाव्यात. या शेवटच्या तिघांना नवे, कडक केलेले क्वालिटी स्टँडर्ड्स लागतात आणि त्यांचं ऑडिट होतं. बागकाम, घरसफाई, ने-आण अशा पहिल्या प्रवर्गातल्या कामांना तेवढी चाळणी नाही. (अनेक छोटे उद्योजक गरज नसताना एकदम चौथ्या-पाचव्या प्रवर्गाचा अर्ज टाकतात आणि तिथेच अडकतात. पहिल्या प्रवर्गात पाय रोवून मग वर सरकणं शहाणपणाचं, पण ते ऐकायला कोणाला आवडत नाही.)

नोंदणी नाकारणं किंवा रद्द करणं हे निर्णय कायद्यानेच पुनर्विचाराला खुले ठेवले आहेत. आधी कमिशनच्याच आत, मूळ निर्णयात नसलेल्या अधिकाऱ्याकडून फेरविचार. तो विरुद्ध गेला तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलच्या जागी आलेली एआरटी. एआरटीपुढे प्रश्नच वेगळा असतो. १९७९ च्या ड्रेक खटल्यापासून तो असा मांडला जातो: समोरच्या सगळ्या पुराव्यावर बरोबर किंवा अधिक योग्य निर्णय कोणता? म्हणजे ट्रिब्युनल कमिशनच्या खुर्चीत बसून नव्याने निर्णय घेतं. ते नकार बाजूला सारून स्वतःचा निर्णय त्याच्या जागी ठेवू शकतं. तुम्हाला हवं आहे ते हेच.

आणि यातली सगळ्यात मोलाची गोष्ट २००८ च्या शी खटल्यात आहे. एका मायग्रेशन एजंटची नोंदणी नियामकाने रद्द केली होती. दरम्यानच्या काळात त्याने कामाची पद्धत सुधारली. ट्रिब्युनलने ही सुधारणा विचारात घ्यायची, की रद्द केल्याच्या दिवशी काय स्थिती होती तेवढंच पाहायचं? हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की कायद्यात तसा निर्बंध नसेल तर ट्रिब्युनल आपल्या निर्णयाच्या दिवसापर्यंतची परिस्थिती पाहू शकतं. तुमच्यासारख्या अर्जदाराला याचा थेट फायदा आहे. अनुभवी क्लिनिकल मॅनेजर आज नेमा. तक्रारींचं रजिस्टर आजपासून खरंखुरं चालवा. संचालक मंडळावर या क्षेत्रात काम केलेली व्यक्ती घ्या. सुनावणीपर्यंत त्याचे कागद तयार असतील आणि ते पुराव्यात येतील. फेडरल कोर्टात यातला एकही कागद उपयोगी पडणार नाही, कारण कोर्ट साधारणपणे निर्णयाच्या वेळी अधिकाऱ्यासमोर जे होतं तेवढंच पाहतं. म्हणून मी म्हणतो, नकाराची कारणं वाचून मनात 'पण आता आम्ही ते सुधारलंय' असं उत्तर येत असेल, तर तुमची जागा ट्रिब्युनलमध्ये आहे.

हे सगळं बाजूला ठेवून कोर्टात गेलात तर काय? ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिसिजन्स (ज्युडिशियल रिव्ह्यू) ॲक्ट १९७७ चं कलम १० सांगतं की दुसरीकडे पुनर्विचाराची पुरेशी सोय असेल तर कोर्ट तुमचा अर्ज न ऐकताही नाकारू शकतं. कमिशनचे वकील हा मुद्दा पहिल्याच तारखेला काढतात. शिवाय फेडरल कोर्टात हरणाऱ्याने समोरच्याचा खर्चही सोसायचा, हा सर्वसाधारण नियम. ट्रिब्युनलमध्ये एरवी ज्याने त्याने आपापला.

मग कोर्टाचा रस्ता कधीच धरायचा नाही का? धरायचा, पण मोजक्या प्रसंगी.

सगळ्यात ताकदीचा आधार नैसर्गिक न्यायाचा, म्हणजे विरुद्ध निर्णय घेण्याआधी तुमची बाजू नीट ऐकून घेण्याचा. वृद्धसेवेत तक्रारी अनेकदा नाव न सांगता येतात: काम सोडलेला कर्मचारी, दुसऱ्या खोलीतल्या आजोबांची मुलगी, कधी स्पर्धकसुद्धा. अशी माहिती कमिशनच्या फाइलमध्ये असते आणि तुम्हाला तिचा पत्ता नसतो. २००५ च्या व्हील खटल्यात हायकोर्टासमोर नेमकं असं गुप्त पत्र होतं. ते प्रकरण व्हिसाचं होतं, पण तत्त्व इथेही लागू. पत्र किंवा लिहिणाऱ्याचं नाव दाखवायची गरज नसेल, मात्र आरोपाचा सारांश सांगून उत्तराची संधी द्यायलाच हवी. अधिकाऱ्याने 'मी त्या पत्राला काही महत्त्व दिलं नाही' असं निर्णयात लिहिलं म्हणून ही चूक भरून निघत नाही. माहिती विश्वासार्ह, संबंधित आणि महत्त्वाची असेल, तर तिचा परिणाम झाला नाही हे नंतर सांगून चालत नाही. परवान्याच्या प्रकरणात कागद हातात आले की मी सगळ्यात आधी हेच शोधतो: निर्णयाच्या कारणांमध्ये असं काही आहे का, जे नोटिशीत कुठेच नव्हतं?

दुसरा आधार, कायद्याने पाहणं बंधनकारक केलेली बाब पाहिलीच नाही. १९८६ चा पेको-वॉल्सेंड खटला इथे नेहमी काढला जातो आणि नेहमी गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. त्यात म्हटलंय की कायदा जी बाब विचारात घ्यायलाच लावतो ती सोडली तर निर्णय बाधित होतो. तुम्हाला महत्त्वाची वाटणारी प्रत्येक बाब त्यात बसत नाही. तिला किती वजन द्यायचं हे तर साधारणपणे अधिकाऱ्यावरच सोडलेलं असतं. 'आमचे कागद पाहिले नाहीत' ही तुमची तक्रार इथेच येऊन ठेचकाळते. ऑडिटरने कागद वरवर पाहिले, ही कोर्टात टिकणारी तक्रार नव्हे. पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने, तुम्ही स्पष्टपणे मांडलेला, निकालावर परिणाम करू शकणारा एक मुद्दा पूर्णपणे दुर्लक्षिला आणि कारणांवरून ते दिसतं, असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. ते दाखवायचं तर पान आणि परिच्छेद लागतो. 'अर्धे कागद' म्हणून भागत नाही. आणि कारणं वाचताना डोळ्यांत तेल घालून चुका शोधायच्या नाहीत, अधिकारी काही निकालपत्र लिहीत नव्हता, असं हायकोर्टाने १९९६ मध्ये वू शान लियांग खटल्यात बजावलं आहे. कमिशनच्या प्रत्येक लेखी युक्तिवादात ते वाक्य असतंच.

अवाजवीपणाचा आधार २०१३ च्या ली खटल्यानंतर थोडा रुंदावला. निर्णय पटण्याजोग्या तर्काविना आला असेल तर तो टिकत नाही. पण जिथे दुर्बल माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे अधिकाऱ्याने सावधगिरीची बाजू घेतली म्हणून ते अवाजवी झालं, असं म्हणायला न्यायाधीश सहसा धजावत नाहीत. या आधारावर एकट्याने उभं राहू नका.

चूक सापडली तरी ती निकालावर परिणाम करू शकेल अशी असावी लागते. इथे मात्र थोडा दिलासा आहे. २०२४ च्या एलपीडीटी खटल्यात हायकोर्टाने सांगितलं की चूक झाली नसती तर निर्णय वेगळा येण्याची वास्तव शक्यता होती एवढं पुरे. तो वेगळा आलाच असता हे सिद्ध करावं लागत नाही. आणि ती उंबरठ्याची उंची फार नाही.

आता मेहुण्यांचं केंद्र. त्यांच्याकडे आलेली नोटीस हा निर्णय नाही. १९९० चा ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग ट्रिब्युनल विरुद्ध बाँड हा खटला प्रशासकीय वकिलांना तोंडपाठ असतो. तोही परवान्याचाच होता. उद्योगपती ॲलन बाँड आणि त्यांच्या कंपन्या प्रसारणाचा परवाना बाळगायला लायक आहेत का, यावरून वाद होता. तिथे हायकोर्टाने ठरवलं की १९७७ च्या कायद्याखाली आव्हान देता येतं ते साधारणपणे अंतिम, परिणामकारक निर्णयाला. वाटेतल्या प्रत्येक निष्कर्षाला नाही, जोपर्यंत कायदाच तो निष्कर्ष एक स्वतंत्र निर्णय म्हणून काढायला सांगत नाही. त्यामुळे 'स्टँडर्ड पाळलेलं नाही' असा ऑडिटचा शेरा, कारवाईचा विचार असल्याची नोटीस, खुलासा मागणारं पत्र, यांच्यावर धाव घेतली तर बहुतेक वेळा दारातूनच परत यावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम ७५(v) आणि ज्युडिशियरी ॲक्टचं कलम ३९बी हा १९७७ च्या कायद्याखेरीज कोर्टात जायचा दुसरा दरवाजा आहे. प्रक्रिया सुरू करायचाच अधिकार नसेल किंवा पक्षपात उघड दिसत असेल तर तो मध्येच ठोठावता येतो. एरवी न्यायाधीश म्हणतात, आधी त्यांना निर्णय तर घेऊ द्या.

मेहुण्यांची सगळी शक्ती आत्ता नोटिशीच्या उत्तरात लागली पाहिजे. आणि हे उत्तर वकिलाने एकट्याने लिहू नये. क्लिनिकल बाजू कळणाऱ्या माणसाने प्रत्येक आरोपासमोर काय झालं, काय बदललं, ते कोण तपासतंय, हे लिहावं. वकिलाने ते कायद्याच्या निकषांना जोडावं. आरोप धडधडीत खरा असेल तर तो मान्य करून सुधारणा दाखवा. पडून जखमी झालेल्या रहिवाशांच्या नोंदी समोर असताना 'आमच्याकडे असं काही होत नाही' असं लिहिणारं केंद्र आपली विश्वासार्हता त्याच क्षणी घालवतं, आणि मग बाकीची खरी उत्तरंही कोणी मानत नाही. कमिशनने ज्या माहितीवर भिस्त ठेवली ती सगळी उघड केली आहे का, हे लेखी विचारा. नाही म्हणाले तर ते पत्र पुढे कोर्टात कामाला येईल. बाहेरचा सल्लागार नेमायची, नवे रहिवासी काही काळ न घेण्याची तयारी स्वतःहून दाखवा. रद्द करण्याऐवजी नोंदणीवर अटी घालणं हाही कमिशनपुढचा पर्याय असतो, आणि अशी तयारी दाखवणाऱ्याच्या बाबतीत तो निवडणं त्यांना सोपं जातं.

नोंदणी खरोखर रद्द झालीच, तर मुख्य लढाई स्थगितीची. केंद्र एकदा रिकामं झालं की नंतर जिंकून काही उपयोग नाही. रहिवासी दुसरीकडे गेलेले असतात, नर्सना दुसरी नोकरी मिळालेली असते. मेलबर्नजवळच्या पॅटरसन लेक्समधलं रिव्हरसाइड नर्सिंग होम जुन्या लोकांना आठवत असेल. २००० च्या सुरुवातीला तिथल्या वृद्धांना खरजेवर उपाय म्हणून पाण्यात केरोसीन घालून आंघोळ घातल्याचं उघड झालं, देशभर खळबळ उडाली आणि काही आठवड्यांत केंद्र रिकामं झालं. संस्था तेव्हाच्या मंत्री ब्रॉनविन बिशप यांच्याविरुद्ध फेडरल कोर्टातही गेली. कायद्याचे मुद्दे सावकाश चालतात आणि रहिवाशांना नेणारी गाडी त्याच दिवशी येते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तेव्हा पाहिलं.

ट्रिब्युनल आणि कोर्ट, दोघांनाही अंतिम निकाल लागेपर्यंत स्थगिती देता येते. दोन्हीकडे ते विचारतात की प्रकरणात दम आहे का, आणि स्थगिती दिली वा नाकारली तर कोणाचं किती नुकसान. धंद्याचं नुकसान एका पारड्यात आणि वृद्धांची सुरक्षितता दुसऱ्यात असेल तर पारडं कुठे झुकतं हे सांगायला नको. म्हणून स्थगितीच्या अर्जात पैशांबद्दल कमी आणि रहिवाशांबद्दल जास्त बोला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला घाईघाईने ओळखीच्या जागेवरून हलवण्याचे परिणाम काय, हे त्यांना नियमित तपासणाऱ्या डॉक्टरच्या शपथपत्रातून यावं. जवळपास तशीच जागा मिळते का, हे सांगा. कोर्टाने घालावी अशी देखरेखीची अट तुम्हीच लिहून न्या. 'पूर्ण स्थगिती द्या' म्हणणाऱ्यापेक्षा 'या सहा अटींवर द्या' म्हणणाऱ्याचं न्यायाधीश अधिक लक्षपूर्वक ऐकतात.

रहिवाशांच्या कुटुंबांना स्वतः कोर्टात जाता येईल का, असं मला अधूनमधून विचारतात. १९७७ च्या कायद्यात 'बाधित व्यक्ती' असावी लागते, आणि २०१४ च्या आर्गोस खटल्यात हायकोर्टाने त्याचा अर्थ फार संकुचित घेतलेला नाही. ज्यांची आई त्या खोलीत राहते त्यांचा संबंध दाखवणं मला अवघड वाटत नाही. पण बहुतेक कुटुंबांचं हित कमिशनला थेट लिहिण्यात किंवा स्थगितीच्या अर्जात शपथपत्र देण्यात जास्त साधतं.

तुमच्याकडे परत येतो. फेरविचार आणि ट्रिब्युनल चालू असताना हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. नव्या कायद्यात नोंदणीकृत प्रोव्हायडरच्या हाताखाली, त्याच्या जबाबदारीवर, 'असोसिएटेड प्रोव्हायडर' म्हणून काम करता येतं. जबाबदार व्यक्तींचा अनुभव अपुरा असल्याचं जे कारण तुम्हाला दिलंय, त्यावर वर्षभराच्या अशा कामाइतकं चांगलं उत्तर दुसरं नाही. तिन्ही कारणं खरी असतील, आणि रागाच्या भरात नाही पण शांतपणे वाचल्यावर तुम्हालाही ती खरी वाटत असतील, तर नवा अर्ज हाही विचारात घ्या. तो कधीकधी ट्रिब्युनलपेक्षा लवकर निकाली निघतो. आधीचा नकार त्यात लपवायचा विचारही करू नका.

मुदती मात्र आजच कॅलेंडरवर लिहा. फेरविचाराची मुदत नकाराच्या पत्रातच दिलेली असते. साधारणपणे ती पत्र मिळाल्यापासून २८ दिवस. फेरविचाराच्या निर्णयानंतर ट्रिब्युनलसाठी साधारण तेवढीच. १९७७ च्या कायद्याखाली कोर्टात जायचं तरी २८ दिवसच, कारणांसह निर्णय हाती आल्यापासून. मुदतवाढ मागता येते, पण उशिराचं समाधानकारक कारण द्यावं लागतं, आणि 'आम्ही कमिशनशी बोलत होतो' हे कारण फार चालत नाही. पत्रात कारणं नसतील तर त्याच कायद्याच्या कलम १३ खाली ती लेखी मागा. तीही मागणी २८ दिवसांच्या आत. ट्रिब्युनलच्या निर्णयात कायद्याची चूक निघाली तर तिथून फेडरल कोर्टात अपील आहेच, म्हणजे कोर्टाचं दार तुम्ही बंद करत नाही, ते योग्य वेळेसाठी राखून ठेवता. फेरविचाराच्या अर्जासोबत ऑडिटरला दिलेल्या कागदांची तारीखवार यादी जोडा आणि प्रत्येकासमोर तो निर्णयातल्या कोणत्या परिच्छेदाला उत्तर देतो ते लिहा. मेहुण्यांना सांगा, नोटिशीची मुदत संपायच्या आत उत्तर गेलं पाहिजे, अपुरं असलं तरी. उरलेले कागद कधी देणार ती तारीख त्यातच लिहून टाका.